पहिली पावती

वर्गणीचं पुस्तक कुणाच्या नावानं उघडावं, हे शिकवणारा एकही विषय तंत्रनिकेतनाच्या अभ्यासक्रमात नव्हता आणि संयोगिता मॅडमनी आयुष्यभर सूत, विणाई आणि रंगाई यापलीकडं काही शिकवलं नव्हतं. त्यामुळं चूक झाली. पहिली पावती त्यांनी स्वतःच्याच नावानं फाडली. पाच हजारांची.

आपण आधी घातले की दुसऱ्याकडं मागायला तोंड राहतं, असा त्यांचा साधा हिशेब. यंत्रशाळेच्या उदयसिंह सरांनी स्टाफरूममध्ये ते पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान बघितलं आणि मिटून टेबलावर ठेवलं. उदयसिंह सर गावाकडं गणपती मंडळाचे खजिनदार. वर्गणी या विषयात त्यांच्याइतका अनुभव कॉलेजात कुणाला नव्हता, आणि तो त्यांनी कुणी न विचारताच वाटलाही होता.

"मॅडम, पुस्तक नासवलं तुमी."

"नासवलं म्हणजे? नाव, रक्कम, सही, सगळं नीट आहे."

"सही राहू द्या. पहिली पावती कायम मोठ्या माणसाची फाडायची असती. वर एकावन्न हजार दिसले की खालच्याला पाच हजार द्यायला लाज वाटती. तुमी वरच पाच लिहून ठेवले. आता ह्या पुस्तकात पाचाच्या वर कोण जात न्हाई."

"असं कुठं असतं?"

"असतंय कसं ते आता दिसंलच."

वर्गणीपर्यंत गोष्ट यायलाच नको होती. फिरदोस मुजावर ही शेवटच्या वर्षाची मुलगी. बाप महंमद माधवनगरात नानासोंच्या शेडात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. आई अकिला घरी साड्यांना फॉल-पिको करायची. पोर्तुगालातल्या एका टॉवेलच्या कारखान्यानं ऑनलाइन मुलाखत घेऊन फिरदोसला सहा महिने कामाच्या अनुभवासाठी निवडलं होतं. तिथं राहायला खोली, दुपारचं जेवण आणि हातखर्च मिळणार होता. पण तिथवर पोचायचं तिचं तिनं. विमान, व्हिसा, विमा, पहिल्या महिन्याची तजवीज, सगळं धरून दोन लाखांच्या आतबाहेर. आणि महिनाअखेरीपर्यंत तिकीट दाखवलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

मॅडम आधी सरळ रस्त्यानंच गेल्या होत्या. बँकेत साहेब म्हणाले, शैक्षणिक कर्ज हवं तर प्रवेशाचं पत्र आणा, हे तर कामाचं पत्र आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी मदत करणाऱ्या एका कचेरीत सांगितलं, ही तर विद्यार्थिनी आहे, हिला आम्ही कामगार कसं म्हणू? एक ट्रस्ट फक्त डॉक्टरकीला देत होता. एका कंपनीनं आधी छान छान बोलून घेतलं आणि मग तीन वर्षांचे तपासलेले ताळेबंद मागितले. कुणाचे, असं मॅडमनी विचारल्यावर उत्तरच आलं नाही. सगळीकडं चहा मात्र मिळाला. त्या महिन्यात पोर्तुगालच्या नावानं जेवढा चहा पोटात गेला, तेवढी पित्ताची गोळी वाढली.

महंमदनं भिशी उचलून पन्नास हजार उभे केले. कॉलेजच्या विद्यार्थी निधीतून पंचवीस मिळाले, तेही प्राचार्यांनी दोनदा 'पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणून झाल्यावर. उरलं ते वर्गणीवर.

आणि उदयसिंह म्हणाले तसंच झालं. प्राचार्यांनी पुस्तक उघडलं, वरचा आकडा बघितला आणि "मॅडमच्या पुढं कसं जायचं" म्हणून एकवीसशे दिले. वसतिगृहाच्या रेक्टरनी अकराशे. गेटवरच्या झेरॉक्सवाल्यानं पाचशे एक. सगळ्यांनी मॅडमचा मान ठेवला. मान ठेवायला पैसे कमी लागतात, ही सोय मॅडमनीच करून दिली होती.

शेवटी नानासो. चार शेडांचे मालक, पतसंस्थेचे माजी चेअरमन, कॉलेजच्या संस्थेवर सदस्य. आपल्याच जॉबरची मुलगी म्हटल्यावर ते पन्नासाच्या खाली बोलणार नाहीत, असा सगळ्यांचा अंदाज. नानासोंनी चष्मा वर घेऊन पहिलं पान वाचलं.

"पयली तुमची व्हय?"

"हो."

"मग तुमच्या वर जाऊन कसं भागंल? बाईमानसाचा मान हाय." असं म्हणून त्यांनी पाच हजार एक दिले. "एक रुपया वर, मान म्हनून."

मॅडमनी पावती लिहिली. शेडाच्या खडखडाटात त्यांना आपलंच बोलणं ऐकू येत नव्हतं, ते एका अर्थी बरंच होतं.

अजून लाखभर कमी होते. उदयसिंह सरांनी मग नवीन पुस्तक छापून आणलं, स्वतःच्या खर्चानं. त्या खर्चाचा उल्लेख ते पुढं वर्षभर करणार होते, त्यामुळं तसं ते पुस्तक फुकटात पडलं नाही.

"ह्याला नवं डोकं पाहिजे," सर म्हणाले. "नानासो तर वापरून झाले. आता त्यांचे व्याही गाठा. साताऱ्याचे हंबीरराव सुभेदार. फौजेतनं आले, सिक्युरिटीची एजन्सी काढली, दीडदोनशे माणूस हाताखाली हाय. त्यांनी एकावन्न लिहिले की नानासोंना पाच हजारांवर झोप लागायची न्हाई."

"आणि त्यांनी विचारलं, नानासोंनी किती दिले?"

"म्हणायचं, त्यांचं अजून ठरतंय."

"पण ठरलंय की. पावती झाली."

उदयसिंह सरांनी, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाकडं बघावं तसं बघितलं. "मॅडम, ठरतंय म्हणायला काय जीएसटी लागतोय का?"

शनिवारी मॅडम फिरदोसला घेऊन सांगलीहून साताऱ्याच्या एसटीत बसल्या. इस्लामपूर गेलं, पेठ नाका गेला. खिडकीकडं तोंड करून त्या ते एक वाक्य मनात घोळवत राहिल्या. त्यांचं अजून ठरतंय. त्यांचं अजून ठरतंय. तोंडाला बसेना. कराडला फिरदोसनं पर्समधून डबा काढला. अकिलानं खिम्याचे पराठे दिले होते. मॅडम शनिवार पाळत. मग फिरदोसनं दुसरा डबा काढला, त्यात साधी चपाती आणि बटाटा.

"अम्मीला माहीत होतं, मॅडम."

मॅडम जेवल्या. पाय सुजले होते ते चपलेतून काढून वर घेतले. मुलीच्या देखत असं कधी बसल्या नव्हत्या, पण या महिन्यात बऱ्याच गोष्टी मुलीच्या देखत झाल्या होत्या.

हंबीरराव सुभेदार ताठ बसून ऐकणारा माणूस. मध्ये बोलले नाहीत, मोबाइल बघितला नाही, आणि चहाही विचारला नाही. मॅडमना त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

सगळं ऐकून त्यांनी फिरदोसला विचारलं, "तिकडं जाऊन शिकणार काय?"

"टॉवेलचं फिनिशिंग, सर. आपल्याकडचा टॉवेल तीन-चार धुण्यांत कडक होतो. त्यांचा होत नाही."

"फौजेतला तर पहिल्या धुण्यातच पत्रा व्हायचा." सुभेदार हसले. "चांगलं काम आहे. बिल्कुल देणार." मग मॅडमकडं वळले. "व्याह्यांनी किती दिले?"

मॅडमच्या पर्समध्ये वर नवं पुस्तक होतं आणि खाली जुनं. "सुभेदारसाहेब, त्यांचं..."

"नाही, विचारतो अशासाठी. आम्ही मुलीकडचे. आमची शिवांजली त्या घरात आहे. व्याह्यांच्या वर गेलो तर उद्या तिला ऐकून घ्यावं लागेल, तुझ्या बापाला लय झालंय म्हणून. फार खाली राहिलो तरी ऐकावंच लागेल. मुलीच्या बापानं नेहमी एक पायरी खाली उभं राहावं. एकच, दोन नाही."

म्हणजे नानासोंचे पाच हजार एक सांगितले, तर इथं साडेचार लिहिले जाणार. मॅडमना वाटलं, आपण फाडलेली ती पहिली पावती आपल्या आधीच्या एसटीनं येऊन इथं बसली आहे.

"थांबा, मीच विचारतो," म्हणून सुभेदारांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"रामराम, नानासो."

"रामराम, रामराम सुभेदार." मागं मागांचा खडखडाट. "नातवाची याद झाली व्हय?"

"ती तर रोजचीच. तुमच्या कॉलेजच्या मॅडम आल्यात इथं. मुलीला परदेशी पाठवायचंय. म्हटलं, आपण किती दिले?"

खडखडाट लांब गेला. नानासो शेडाबाहेर आले असावेत.

"आमी व्हय?"

"होय, आपण."

"एकावन्न," नानासो म्हणाले. आणि जरा थांबून, "हजार."

सुभेदारांनी समाधानानं फोन ठेवला आणि चेकबुक काढलं. "आमचे पन्नास घ्या. एक पायरी खाली."

नव्या पुस्तकातली पहिली पावती मॅडमनी फाडली. फिरदोस समोरच्या भिंतीकडं बघत होती. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

परतीची एसटी साताऱ्याबाहेर पडली.

"मॅडम, नानासो खोटं बोलले."

"हो."

"आपण गप्प बसलो."

"हो," मॅडम म्हणाल्या. पर्सची चेन लावून म्हणाल्या, "तुला बरं वाटत नसेल तर चेक परत देता येतो."

फिरदोसनं विचार केला. खरंच केला, तोंडदेखला नाही. उंब्रज येऊन गेलं. "नको," ती म्हणाली. "पण मला बरं वाटतंय असं समजू नका."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. नानासो. "कुठवर आला? सरळ हिकडंच या."

फिरदोसला घराच्या वळणावर सोडून मॅडम शेडावर गेल्या. ऑफिसात नानासो एकटेच होते आणि आज खुर्चीत बसलेले नव्हते.

"मॅडम, तुमी गळा कापला माझा."

"मी तिथं तोंडसुद्धा उघडलं नाही."

"त्येच की. उघडायचं हुतं. म्हनायचं, नानासो नंतर देनार हाईत."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हंजे नंतर. हे काय कालेजचं टायमटेबल हाय का?" नानासो बसले. "बरं, झालं ते झालं. उद्याच्याला जावळ हाय नातवाचं. सुभेदार येनार. फौजी मानूस, पावती दावा म्हनला तर? एकावन्नची पावती करून द्या."

"चेक द्या, पावती देते."

"पावती द्या, चेक देतो."

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. संस्थेचा सदस्य समोर बसलेला, आपली पेन्शन अजून त्यांच्याच सहीतून जायची. मॅडमना एरवी अशा वेळी दोन गोड वाक्यं सुचायची. आज एकही येईना. सकाळपासून एसटी, डोक्यात घरघर, पोटात पित्त. त्या नुसत्या बसून राहिल्या. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. खिडकीतून एक माग बंद पडलेला दिसत होता, तिकडं बघत राहिल्या.

हा डावपेच नव्हता, निव्वळ थकवा होता. पण नानासोंनी आयुष्य सौदे करण्यात घालवलेलं. गप्प बसणारं गिऱ्हाईक किती चिवट असतं, हे त्यांना ठाऊक. मॅडमचं हे नवंच रूप त्यांना दिसलं आणि ते हळूहळू खचले.

"लय कडक झालाय तुमी," म्हणत त्यांनी ड्रॉवर ओढला.

चेक लिहिला पंचेचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णवचा. "आधीचे पाच हजार एक वजा. हिशेब म्हंजे हिशेब." मानाचा म्हणून दिलेला रुपयाही त्यातच गेला. मॅडमनी जुनी पावती रद्द केली, नवी एकावन्नची लिहिली.

"आन एक. उद्या पोरीला घेऊन या. बापालाबी आना. चार लोकांत शाल घालतो."

शाल एवढीच किंमत असेल तर स्वस्त पडलं, असं मॅडमना वाटलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी चेक नीट बघितला. तारीख सोमवारची होती. शाल घालून झाल्यानंतरची.

रविवारी नानासोंच्या दारात मांडव होता. मामाच्या मांडीवर बसून नातू कात्रीला घाबरून रडला, रडायचं थांबला, बोकडाच्या पंगती सुरू झाल्या. हंबीरराव सुभेदार पुढच्या खुर्चीवर, नानासोंच्या खुर्चीपेक्षा वीतभर मागं. खुर्ची त्यांनी स्वतःच मागं ओढून घेतली होती. पावती मात्र त्यांनी मागितली नाही. नानासोंनीच दोनदा खिशातून काढून दाखवली.

मग माईक आला. फिरदोसला शाल घातली, नारळ दिला. महंमद मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, नवा शर्ट घालून.

"ही आपली पोरगी," नानासो माईकवर म्हणाले. "आपल्या जॉबरची. परदेशात जानार, शिकून येनार. आन आली की कुटं जायाचं न्हाई. आपल्याच शेडात, दोन वर्सं. हा माझा शब्द."

टाळ्या झाल्या. मालक बोलला म्हणून महंमदनंही वाजवल्या, मग त्याचे हात मध्येच थांबले. संयोगिता मॅडम दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. महिनाभर त्यांनी येणाऱ्या पैशांचा हिशेब ठेवला होता. पैशाच्या मागं काय येतंय, ते कुठंच मांडलेलं नव्हतं.

फिरदोसच्या हातात माईक दिला. तिनं नानासोंचे आभार मानले, सुभेदारांचे मानले, कॉलेजचे मानले. आल्यावर काय शिकले ते सगळ्यांना सांगेन म्हणाली आणि माईक परत दिला.

नानासो माईक बाजूला धरून, पण ऐकू जाईल असंच म्हणाले, "दोन वर्सांचं बोलली न्हाईस गं?"

"आधी पोचू तर द्या, नानासो."

मांडव हसला. सुभेदार मोठ्यानं हसले. व्याही हसल्यावर नानासोंनाही हसावं लागलं.

जेवणं उरकून तिघं रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभी राहिली. ऊन होतं. फिरदोसनं शाल काढून तिची चौघडी घातली.

"मॅडम," महंमद म्हणाला, "चार माणसांत शब्द पडलाय. आता मोडता येतोय का? मला तर उद्या त्याच शेडात जायचंय."

"शब्द त्यांनी दिला, अब्बा. मी नाही दिला."

"लोकांना ते तसं दिसत न्हाई, बेटा."

"मग लोकांना पोर्तुगालहून फोन करून सांगते."

महंमदला हसू आलं नाही. त्यानं मॅडमकडं बघितलं. इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईनं यावर काहीतरी बरोबर उत्तर द्यावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. सहा महिन्यांनी मॅडमना मुलीला तिकडंच राहा म्हणता येत नव्हतं आणि नानासोंच्या शेडात जा म्हणायला जीभ वळत नव्हती.

"उद्या चेक भरते," त्या म्हणाल्या. "वटला की तिकीट काढू. परतीची तारीख बदलता येते, तसलं काढू. थोडं महाग पडतं."

"किती महाग?" महंमदनं विचारलं.

"ते मी बघते."

रिक्षा आली. मॅडम आत बसल्या, चपलेतून पाय काढले आणि दोघांना शेजारी जागा करून दिली.